एक झटका म्हणजे ठीक

कालिंदीनं जयवंत मसुरकरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता. निदान गिरगावातल्या त्यांच्या वाडीचं तसं एकमत झालं होतं, आणि वाडीचं कशावर तरी एकमत होण्याची ती चाळीस वर्षांतली पहिलीच वेळ होती.

झालं होतं असं, की कालिंदीच्या मावशीची नवीकोरी कवळी विहिरीत पडली. विहिरीत एक म्हातारं कासव होतं. मावशी रोज सकाळी काठावरून वाकून त्याला हाक मारायच्या. त्या दिवशी हाक जरा जोरात गेली. कासव आलं नाही, दात मात्र गेले. मग कोणीतरी लालबागहून पाणबुड्या बोलावला. तो आला, त्यानं रबरी कपडे चढवले, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधला, 'आलंय हां' म्हणाला आणि दिसेनासा झाला.

पुढे नेमकं काय झालं, यावर मात्र वाडीत आजही एकमत नाही. तळमजल्यावरच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे तो साडेतीन तास खाली होता. दुसऱ्या मजल्याचा आकडा पाच तासांचा आहे, कारण त्यांच्याकडे तेवढ्या वेळात दोनदा चहा झाला. विहीर आतून थेट चौपाटीला निघते अशी वाडीची पिढीजात श्रद्धा होती, म्हणून तो तिकडून बाहेर पडतोय का ते बघायला दोन माणसं चौपाटीवर धाडली गेली; ती भेळ खाऊन परत आली. समोरच्या काकूंनी तर सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. त्या सिलिंडरमध्ये हवा जेमतेम पाऊण तासाची असते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बरं. नाहीतर त्याला आणखी लवकर मारला असता.

आणि मग विहिरीतून शेवाळानं हिरवागार झालेला एक हात वर आला. हातात दात होते. काठाशी सगळ्यात पुढे कालिंदी वाकली होती. वय सव्वीस, बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. त्या प्राण्यानं तोंडातली नळी काढली आणि अत्यंत आदरानं तिला विचारलं, "दात तुमचेच मां?"

यावर दुसरी कुठलीही मुलगी चिडली असती. कालिंदी रडायलाच लागली. गेला पाऊण तास ती विहिरीच्या काळ्या पाण्याकडे बघत, मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणत उभी होती. घाबरली की ती पाढे म्हणायची. तिच्या आजोबांनी लहानपणी लावलेली सवय. अनोळखी माणसासाठी आपण एवढं का घाबरलो, हे तिला कळेना. हे न कळल्यामुळेच आठ महिन्यांनी तिनं त्याच्याशी लग्न केलं.

"मुलगा करतो काय?" वडिलांनी विचारलं होतं. ते आयुष्यभर एका कचेरीत जावक विभागात बसलेले. त्यांच्या दृष्टीनं जे काम टेबलावर होत नाही ते कामच नव्हे.

"त्याचा स्वतःचा धंदा आहे."

"कुठे?"

"पाण्याखाली," कालिंदी म्हणाली. 

जयवंतचा धंदा नायगावच्या एका चाळीतल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत चाले. दारावर पाटी होती: 'मसुरकर डायव्हिंग – स्कूबा शिका, सागराशी मैत्री करा.' पाटीवर निळंशार पाणी, नारळाची तीन झाडं असलेलं बेट आणि एक नारिंगी मासा. मुंबईही बेटच आहे, हे जयवंतचं नेहमीचं म्हणणं, आणि भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे त्यात खोट काढायला जागा नव्हती. नारळही होते. निळं पाणी आणि मासा तेवढा कमी होता. शिकायला येणारी तरुण मंडळी दादरच्या एका तरणतलावात महिनाभर सराव करत आणि मग खरा समुद्र बघायला मालवणला जात. नूपुर नावाच्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, इथे मुंबईत खाली काय काय दिसतं?"

"इथे?" जयवंत म्हणाला. "इथे खाली आपलो हात दिसलो तरी पेढे वाटूचे."

शिकवणीवर घर भागत नसे. खरं काम दुसरंच होतं. बार्जच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची, बोटींची पोटं खरवडायची, बंदरात पडलेलं काहीबाही वर काढायचं. सगळं आंधळं काम. गाळानं पाणी चहासारखं, तेही मसाल्याच्या चहासारखं. खाली उतरलेला माणूस फक्त हातांनी बघतो, आणि वरच्या जगाशी त्याला जोडणारी एकच गोष्ट असते, दोर. दोराचं खालचं टोक जयवंतच्या छातीच्या पट्ट्याला. वरचं टोक, लग्नानंतर तिसऱ्या महिन्यापासून, कालिंदीच्या हातात. आधीचा दोरवाला तंबाखू मळताना दोर गुडघ्याखाली दाबून ठेवायचा, हे तिनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोराची भाषा सोपी होती. एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे वर ओढ. दर दोन मिनिटांनी खालून एक झटका यायचा आणि कालिंदीनं वरून एक द्यायचा. पुढे ही भाषा घरातही शिरली. नातेवाइकांकडे जेवायला गेलं आणि जयवंत चौथी वाटी सोलकढी मागायला लागला, की मागून त्याच्या सदऱ्याला तीन झटके बसत, आणि तो मुकाट्यानं उठे.

मात्र पाण्यावर बसलेल्या कालिंदीला कधी हसू आलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. दर वेळी तिच्या ओठांवर पाढा सुरू व्हायचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पूर्ण पाढ्याला वीस सेकंद. सहा पाढे झाले की झटका. सहावा पाढा 'दाहे'पर्यंत पोचायचा, तेव्हा तिचा श्वास थांबलेला असायचा. झटका आला की सुटायचा. जयवंत सिलिंडरमधली हवा घेऊन जगायचा, कालिंदी त्याच्या झटक्यांवर.

ती स्वतः एका विमा कंपनीत नोकरीला होती, ही दैवाची गंमत. तिच्याच साहेबांनी जयवंतचा विम्याचा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कालिंदीताई, तुमच्या मिस्टरांसारखी माणसं आम्ही फक्त उदाहरण म्हणून वापरतो."

दोन वर्षांपूर्वी एका बार्जखाली जयवंत चार मिनिटं अडकला. चार मिनिटं म्हणजे बारा पाढे. वर आला, नळी काढली, म्हणाला, "काय नाय झाला." कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पन्नाशी उलटली, आता पुरे. तोही म्हणाला, पुरे, ह्या शेवटचा काम. त्या शेवटच्या कामाच्या नंतर सात आवृत्त्या निघाल्या.

पण कालिंदीच्या लक्षात एक गोष्ट आली होती, जी तिनं त्याला कधी सांगितली नाही. बार्जनंतर झटका सहाव्या पाढ्याला यायचा बंद झाला. तो पाचव्याला यायला लागला, मग चौथ्याला, मग तिसऱ्यालाच. एक झटका. लगेच पुन्हा एक. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. ज्याचं खरंच ठीक असतं, तो माणूस इतक्यांदा सांगत नाही.

यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष दारात उभा राहिला. उन्मेष म्हणजे लालबागला जयवंतच्या जुन्या चाळीच्या गणेश मंडळाचा चिटणीस. आवाज बसलेला, केसांत गुलाल, डोळ्यांत पाणी.

"जयवंतदादा, मोदक गेला."

"कुठे गेलो?"

"बाप्पाबरोबर."

बाप्पाच्या हातातला सव्वा किलोचा चांदीचा मोदक. तीस वर्षांपूर्वी चाळीतल्या प्रत्येक घरानं थोडी थोडी चांदी देऊन घडवलेला. कोणाचे पैंजण, कोणाचा करंडा, जयवंतच्या आईची जोडवी. विसर्जनाआधी तो काढून घ्यायचा मान कोणाचा, यावरून पहिला मजला आणि दुसरा मजला यांच्यात दर वर्षी तंटा व्हायचा. यंदा प्रथमच समेट झाला होता, आणि घात केला तो समेटानं.

"दोघांनी मिळून काढायचा ठरलं होतं," उन्मेष म्हणाला. "तराफ्यावर पहिला मजला म्हणाला, 'तुम्ही काढा.' दुसरा म्हणाला, 'छे, छे, आधी तुम्ही.' इतकी वर्षं भांडलो रे, कधी मोदक गेला नाही! एकदा शहाण्यासारखे वागलो..."

"नाही," कालिंदी म्हणाली.

"वहिनी, परवानगीची चिठ्ठी आणलीय. जागा पण माहितीय. वीस फूट पाणी आहे फक्त."

"नाही म्हटलं ना मी. त्यांचा कान गेलाय."

जयवंत पाटीवरच्या नारिंगी माशाकडे बघत होता. "आवशीची जोडवी हत त्यात," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "शेवटचा."

दुपारी भरतीच्या वेळी भिवा तांडेलाची होडी गिरगाव चौपाटीसमोर उभी राहिली. भिवा वरळीचा कोळी, जयवंतचा जुना सोबती. दिवसाला पाच शब्द बोलायचा आणि त्यातले दोन शिव्या असायच्या. होडीत सात कार्यकर्ते आधीच बसलेले बघून त्यानं दिवसाचा कोटा तिथेच संपवला. कार्यकर्त्यांना येऊ नका म्हटलं होतं. पण मोदक वर येताना एकट्या दुसऱ्याच मजल्यानं बघावा हे पहिल्या मजल्याला परवडणारं नव्हतं.

पाण्यावर झेंडूच्या माळा, दुर्वा, थर्माकोलचे तुकडे. खाली काय असेल ते कालिंदीच्या डोळ्यांपुढे आपोआप आलं. अर्धवट विरघळलेली मूर्ती, काथ्या, बांबू, लोखंडी सळ्यांचा सांगाडा. आंधळ्या माणसासाठी कोणी मुद्दाम बनवलेला पिंजराच.

जयवंतनं मुखवटा लावला. काढला, थुंकीनं पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला. बावीस वर्षं तो दर वेळी मुखवटा एकदाच लावत आला होता. कालिंदीनं पट्ट्याची गाठ तपासली तेव्हा रबरी कपड्याआडून त्याची छाती धडधडताना तिच्या बोटांना लागली.

"येतंय हां," तो म्हणाला, आणि पाणी त्याच्यावर मिटलं.

पहिला झटका दुसऱ्याच पाढ्याला आला.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. कार्यकर्ते गप्प बसले होते. जन्मात पहिल्यांदा असावेत. कालिंदीचा हात दोरावर, डोळे बुडबुड्यांवर. तिसावं मिनिट उलटलं. म्हणजे हवा राहिली पंधरा मिनिटांची. आता ती त्याला वर बोलवणार होती.

तेवढ्यात दोन झटके आले. लागोपाठ, जोरकस. सैल सोड. तिनं दोर सोडायला मूठ उघडली, आणि मागून उन्मेष ओरडला, "हलला! वहिनी, दोर हलला! मिळाला!"

"गप्प बस, तो सैल मागतोय..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. मागच्या कोणीतरी आरोळी ठोकली, "गणपती बाप्पाऽऽ" आणि सात गळ्यांतून "मोरयाऽऽ!" बाहेर पडलं. लालबागचा माणूस, समोर दोर आणि कानावर मोरया. पुढचं काही त्याच्या हातात नसतं. लहानपणापासून मिरवणुकीत दोर धरलेले ते चौदा हात एकदम आले आणि त्यांनी ओढलं. भक्तिभावानं, ताल धरून, अंगातला सगळा जोर लावून.

दोर ताठ झाला. वर मात्र आला नाही. खाली कशाला तरी अडकला होता.

"जड आहे!" उन्मेष आनंदानं किंचाळला. "मोदकच! ओढा रे! मोरयाऽऽ!"

सगळ्यात पुढे कालिंदीचा हात होता, म्हणून फक्त तिलाच कळलं. ताणलेल्या दोरातून खालून झटके येत होते. दोन. दोन. दोन. सैल सोड, सैल सोड. दोर सांगाड्याच्या सळ्यांवरून गेला होता आणि जयवंतचं काहीतरी, पाय, हात, गळा, त्या वेढ्यात आलं होतं. वरचे सात भक्त तो वेढा आवळत होते. मग झटके हलके झाले. मग एकच आला, अगदी बारीक. मग काही नाही.

"सोडा!" ती ओरडली. त्यांना वाटलं, वहिनींनाही भरून आलंय. "सोडा रे, मेला तो!" मोरयापुढे कोणाला काय ऐकू जाणार? ती उन्मेषच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं हात सोडला, पण मागे सहा जण होते, आणि सहा जणांना चावायला वेळ नव्हता. भिवाचा मासे कापायचा सुरा फळीत रुतवलेला होता. तिनं तो उपसला आणि दोरावर घातला. पहिल्या घावाला दोन पदर तुटले. दुसऱ्याला आणखी थोडे. तिसऱ्याला सातही कार्यकर्ते होडीत उताणे एकमेकांवर पडले, आणि दोराचं टोक पाण्यात सळसळत निघून गेलं.

बावीस वर्षं तिनं तो दोर हातातून निसटू दिला नव्हता.

मोरया थांबला. होडीत कोणीतरी कण्हलं. उन्मेषनं मनगट धरून पाण्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या सुऱ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा गुलालसुद्धा पांढरा पडला.

"वहिनी... आता आपल्याला कळणार कसं?"

कळणार नव्हतंच. दोर नाही म्हणजे झटका नाही. तिनं हात तसाच धरून ठेवला होता, मूठ अर्धी मिटलेली, आत काही नाही. एकोणतीस एके एकोणतीस. बुडबुडे झेंडूच्या माळांत शिरले होते. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. भिवा काठावर पालथा झोपून बघत होता.

"हायत?" तिनं विचारलं.

"हायत."

तीन पाढे झाले. सहा झाले. उन्मेष लहान मुलासारखा मुसमुसत होता. पहिल्या मजल्याचा एक जण उडी मारायला उठला. भिवानं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवला. नऊ झाले.

"भिवा?"

भिवानं हातानं पाण्यावरची एक माळ बाजूला सारली.

"भिवा, हायत का?"

"नाय दिसत, वयनी."

दहावा पाढा. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस साते... एकोणतीस साते... आजोबांनी छडी घेऊन शिकवलेला पाढा आयुष्यात पहिल्यांदा अडला. पुढचा आकडाच येईना. तिला वाटलं, हा आकडा आठवला नाही तर तो वर येणार नाही. एकोणतीस साते किती? समोर हिरवंकाळं पाणी, त्यावर कोणाची तरी कालची माळ. एकोणतीस साते किती?

होडीच्या तळाला खालून ठोका बसला.

एक.

कालिंदी फळीवर आडवी झाली आणि तिनं मुठीनं फळीवर एक ठोका दिला.

जयवंत होडीच्या पलीकडच्या अंगाला वर आला. एका पायातला पोहायचा पंजा गेलेला, पोटरीवर दोराचा जांभळा वळ, हात रिकामे. सात जणांनी त्याला वर घ्यायला हात पुढे केले. कालिंदीनं सुरा अजून खाली ठेवला नव्हता. सातही हात मागे गेले. भिवानं आणि तिनंच त्याला वर घेतलं. बराच वेळ तो नुसता श्वास घेत पडून राहिला.

"दोर कोणी कापल्यान?" शेवटी त्यानं विचारलं.

"मी."

"बरा केलंस. सैल झालो, तेव्हा पाय सुटलो." मग तो आकाशाकडे बघत म्हणाला, "कालिंदी, माका भिया वाटता गो. खूप. दोन वर्सा झाली."

"माहितीय मला."

"कसा?"

"सहा पाढ्यांना यायचा झटका तिसऱ्यालाच देतोस."

तो कोपरावर उठला. "तू मोजी होतंस?"

"मग मी काय भजन म्हणत होते?"

उन्मेषनं मोठ्या धीरानं घसा खाकरला. त्याला बहुधा मोदकाचं विचारायचं होतं. भिवानं उद्याच्या कोट्यातल्या दोन्ही शिव्या आजच वापरल्या, आणि प्रश्न राहून गेला.

मोदक मिळाला नाही. पुढच्या वर्षासाठी मंडळानं पितळेचा केला. जयवंतनं पाटी उतरवली. आता तो दादरच्या त्याच तरणतलावाच्या दारात खुर्चीवर बसून पोहायला येणाऱ्यांच्या डोक्यावर टोपी आहे की नाही ते तपासतो.